बारा बाय पंचवीसच्या घराला पश्चिमेची सहा फुटी खिडकी? माझा विरोध आहे

हुडकेश्वर_रोड

आमचं बांधकाम बारा फूट रुंद, पंचवीस फूट खोल. म्हणजे ३०० चौरस फूट, त्यातच सगळं. गुंठेवारीतला प्लॉट, उत्तर-दक्षिणेच्या लांब भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या. तोंड पश्चिमेला रस्त्यावर, पाठ पूर्वेला चार फुटी बोळात. खिडक्या काढायच्या त्या या दोनच भिंतींत.

ठेकेदाराचा आग्रह असा: समोर सहा बाय चारची काळ्या काचेची ॲल्युमिनियम स्लायडिंग. मागे संडास-बाथरूम, आणि त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत दोन बाय तीनची एक. कारण विचारलं तर "एलिव्हेशन उठून दिसते," म्हणजे घराचा दर्शनी भाग.

नागपुरात पश्चिमेला चोवीस चौरस फूट काच लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात दुपारी तीनपासून सूर्य थेट त्या काचेवर. काळी काच उजेड अडवते, पण ऊन पिऊन स्वतः तापते आणि ती धग आत सोडते. वर स्लायडिंग. सहा फुटांतले तीनच फूट उघडणार. पैसे पूर्ण खिडकीचे, हवा अर्ध्याच खिडकीची.

माझा बेत असा. संडास पुढे जिन्याखाली घ्यायचा, म्हणजे मागची भिंत मोकळी होते. मागे पाच बाय साडेचारची बिजागरीच्या पल्ल्यांची खिडकी, कूलर तिच्या खालच्या भागात. समोर फक्त अडीच फूट रुंद, साडेचार फूट उंच. आणि दोन्हीकडे स्लॅबच्या खाली एकेक तीन बाय दीडचा झरोका. बोला.

सेक्शनवाले_भाऊ

एवढा राग स्लायडिंगवर काहून जी? मी हेच काम करतो म्हणून सांगून राहिलो. बिजागरीचा पल्ला कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात काय होते, अडीच फुटाचा ॲल्युमिनियमचा पल्ला काही वर्षांत खाली बसते, मग कडी लागत नाही. मे-जूनच्या वादळात हूक निसटला तर काच गेली समजा. मागच्या चार फुटी बोळात पल्ले बाहेर उघडाल तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला लागतील. आत उघडाल तर पलंग-कपाट कुठे लावाल? बारा फुटांत आत उघडणारा पल्ला परवडत नाही.

आणि मोठी गोष्ट तुम्ही विसरले. ग्रिल आणि मच्छरजाळी. पल्ला बाहेर, मधात ग्रिल, आत जाळी. पल्ला लावायचा असला की आधी जाळी उघडा, मग ग्रिलमधून हात घाला. आठ दिवसांनी घरातले लोक जाळी उघडीच ठेवतात. डेंग्यूच्या दिवसांत मग बसा! तीन ट्रॅकची स्लायडिंग घ्या, एक ट्रॅक जाळीचा. बोटानं सरकते.

हुडकेश्वर_रोड

भाऊ, तिसरा ट्रॅक जाळीला दिला की काचेचे पल्ले पुन्हा दोनच. उघडणार अर्धंच.

सेक्शनवाले_भाऊ

अर्धं उघडते पण रोज उघडते. तुमचं बिजागरीचं नव्वद टक्के उघडणारं बंदच राहीन.

घरीच_असते

सगळे ऊन आणि टक्केच मोजताहेत. त्या ३०० फुटांत दिवसभर कोण असणार, ते कुणी विचारलंच नाही. घरात आई असेल, बायको असेल, लहान मूल असेल, तर रस्त्याकडची खिडकी हीच त्यांची बैठक. भाजीवाला, शाळेची ऑटो, समोरची काकू, सगळं त्या खिडकीतून. तुम्ही ती अडीच फुटांवर आणलीत आणि मोठी खिडकी बोळाकडे वळवलीत, जिथे समोर दुसऱ्याच्या मोरीची भिंत. उष्णता तीन महिने आहे, एकटेपण बारा महिने.

आम्ही इथेच नंदनवन भागात अशाच अरुंद घरात राहतो. समोरची खिडकी पश्चिमेचीच, पाच फूट रुंद. मार्च संपला की बाहेरून हिरवी जाळी बांधायची, सिग्नलवर मनपा बांधते तीच. दुपारी बारा ते सहा पल्ले बंद, सहानंतर उघडे. पावसाळ्यात जाळी सोडून घडी करून ठेवायची. उन्हाळ्याचा राग धरून बारा महिन्यांची खिडकी का कापायची?

नकाशावाली

दोन्ही बाजूंनी थोडं बरोबर बोललं जातंय, पण आकडे समोर असलेले बरे.

निवासी इमारतींसाठी केंद्राची 'इको निवास संहिता २०१८' आहे. ती मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी आहे, तुमच्या घराला बंधनकारक नाही. तरी मापदंड म्हणून उपयोगी आहे. हवामानाच्या ज्या गटात नागपूर येतं, त्याला उघडणारं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के हवं. ३०० फुटांना साडेसदतीस चौरस फूट. दोन पल्ल्यांची स्लायडिंग त्यात ५० टक्के धरतात, तीन पल्ल्यांची ६७, बिजागरीची ९० टक्के. ठेकेदाराच्या बेतात समोर बारा फूट, मागे तीन ते साडेपाच. निम्म्यालाही पोचत नाही. हुडकेश्वरांच्या बेतात खिडक्या-झरोके मिळून साधारण त्रेचाळीस फूट, त्याचे नव्वद टक्के म्हणजे अडतीसच्या पुढे. काठावर पास.

आता ऊन. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढला की काम झालं असं सगळे धरून चालतात. मेच्या मध्यावर नागपुरात दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३६ अंशांवर असतो. चार फूट उंच खिडकी पूर्ण सावलीत आणायला साडेपाच फुटांचा छज्जा लागेल. पाच वाजता तोच हिशेब साडेनऊ फुटांवर जातो. दोन फुटी छज्जा पावसापासून वाचवतो, पश्चिमेच्या उन्हाला तो कामाचा नाही. तिथे खिडकीसमोर उभं काहीतरी हवं: लाकडी झडप, बांबूची चिक किंवा ताईंची हिरवी जाळी. आणि ते काचेच्या बाहेर हवं. पडदा आतून लावला की ऊन काचेतून आत येऊन बसलेलं असतं, त्याला पडद्यानं परत पाठवता येत नाही.

हुडकेश्वर_रोड

@नकाशावाली, म्हणजे माझं बरोबर ना?

नकाशावाली

उन्हाबद्दल बरोबर. उजेडाबद्दल नाही. खिडकीचा माथा सात फुटांवर असेल तर तिचा कामाचा उजेड साधारण चौदा ते सतरा फूट आत पोचतो. पंचवीस फुटांच्या खोलीला म्हणून दोन्ही टोकांनी उजेड लागतो. तुमची मोठी खिडकी चार फुटी बोळात आहे. पलीकडे दुमजली भिंत असेल तर तिथून आकाश दिसणारच नाही. बाहेरची भिंत पांढरी रंगवून काही फरक पडेल, पण ती भिंत तुमची नाही.

एसीच_घ्या

एवढी चर्चा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी घ्या, दोन छोट्या घट्ट बंद होणाऱ्या खिडक्या ठेवा, विषय संपला. घर जितकं छोटं तितका एसी स्वस्तात चालतो.

घरीच_असते

आणि मे महिन्यात दुपारी लाइट गेली की?

एसीच_घ्या

तेव्हा कूलर तरी कुठे चालतो?

घरीच_असते

कूलर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालतो. चालवते मी.

महालातला

आमच्या जुन्या घराच्या खिडक्या सागवानी, चार पल्ल्यांच्या. दोन खाली, दोन वर. खालचे बंद, वरचे उघडे ठेवले की रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही आणि गरम हवा वरून निघून जाते. रात्री वरचे उघडे ठेवून झोपायचं. दुपारी चारही बंद, घर अंधारं आणि गार. लाकडाचा पल्ला, काच नाहीच. ऊन आत यायला वाटच नाही.

इथला उन्हाळा कोरडा आहे, दुपार आणि पहाट यांत बारा-चौदा अंशांचा फरक पडतो. दिवसा बंद आणि रात्री सताड उघडं, हेच इथलं शास्त्र. काचेची खिडकी बंद केली तरी ऊन आत, आणि स्लायडिंग उघडली तरी रात्रीची हवा अर्धी. दोन्हीकडून तोटा. सागवान परवडत नसेल तर लोखंडी चौकटीत पत्र्याचा पल्ला करा, आतून प्लाय. सेक्शनवाले भाऊ करून देतील.

सेक्शनवाले_भाऊ

देतो ना. पण पत्रा उन्हात असा तापते की हात लावता येत नाही, आणि लोक म्हणतात दुकानाचं शटर लावलं काय. चार पल्ल्यांची गोष्ट मात्र मला पटली. लहान पल्ला बसत नाही, वजन कमी. वरचे दोन बिजागरीचे, खालचे दोन सरकते, असं एका चौकटीत करता येते. वरच्या भागाला जाळी कायमची ठोकून टाका, पल्ले आत उघडा. त्या उंचीवर पलंगही आडवा येत नाही, कपाटही नाही.

कूलर_आणि_मी

कूलरचं कुणीच नीट बोललं नाही, आणि इथे खिडकी निवडणं म्हणजे अर्धं कूलरची जागा निवडणंच आहे. कूलर बाहेरून हवा ओढतो, ओली करून आत फेकतो. जितकी आत येते तितकी दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे. समोर एकच मोठी खिडकी आणि त्यात कूलर, बाकी बंद, तर तासाभरात गाद्या ओलसर आणि उमस. ठेकेदाराच्या बेतात नेमकं हेच होणार.

हुडकेश्वरांचा कूलर पूर्वेच्या बोळात, दुपारी सावलीत. हवा पंचवीस फूट घर ओलांडून पश्चिमेच्या झरोक्यातून बाहेर. याहून चांगली जागा नाही. फक्त मध्ये स्वयंपाकाचा ओटा कुठे येतो ते बघा. ओटा कूलरजवळ असेल तर फोडणीचा वास आणि धूर पूर्ण घरातून फिरून मग बाहेर जाईल. ओटा पुढे, पश्चिमेच्या झरोक्याखाली घ्या. हां, जुलै-ऑगस्टमध्ये कूलर निरुपयोगी. तेव्हा तो खिडकीतून काढणार असाल तरच तुमचे ते अडतीस फूट खरे. बहुतेक घरांत कूलर बारा महिने तिथेच असतो, त्यावर प्लास्टिक.

कोर्टाच्या_बाजूला_राहतो

एक कटकट सुचवतो. चार फुटी बोळ कुणाचा आहे? सार्वजनिक असेल तर कूलरचं स्टँड त्यात उतरवलं की शेजारी तक्रार करणार, आवाजाची आणि सांडणाऱ्या पाण्याची. शेजाऱ्याची मोकळी जागा असेल तर तो उद्या भिंत चढवेल आणि तुमची मोठी खिडकी विटांकडे बघत बसेल. प्रकाश-हवेचा सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरून उजेड-हवा मिळत राहण्याचा हक्क, मागायला १८८२ च्या कायद्याप्रमाणे वीस वर्षांचा अखंड, शांततेत झालेला उपभोग दाखवावा लागतो. नव्या घराला तो कुठून आणणार? रस्ता मात्र कुणी बुजवत नाही. म्हणून मोठी खिडकी रस्त्याकडेच ठेवा, ऊन असलं तरी.

हुडकेश्वर_रोड

बोळ लेआउटच्या नकाशात आहे, सामाईक. भिंत कुणाला चढवता येणार नाही. कूलरचा मुद्दा मान्य, स्टँड बोळात न उतरवता भिंतीतून ब्रॅकेट काढू, डोक्याच्या वर. मग खिडकीची उंचीही त्यानुसार वर न्यावी लागेल.

@घरीच_असते, तुमचा मुद्दा लागला. समोरची खिडकी अडीचऐवजी चार फूट करायला तयार आहे. सहा नाही. आणि काच साधी, काळी नाही.

घरीच_असते

चार चालेल. पण तिचा उंबरा तीन फुटांवर ठेवू नका. दीड-दोन फुटांवर आणा, ग्रिल खालपर्यंत. जमिनीवर बसून भाजी निवडताना बाहेर दिसलं पाहिजे. पलंगही तिथेच लागणार, झोपलेल्याच्या अंगावर रात्रीची हवा येईल. आणि एक सांगा, जिन्याखाली संडास म्हणजे दारातून शिरल्याशिरल्या संडास. पाहुणा बसला असताना घरातली बाई तिकडे जाईल का? घरच्यांना विचारलंत?

हुडकेश्वर_रोड

संडासाचं दार रस्त्याकडे तोंड करून नाही, जिन्याच्या बाजूनं बाहेरून ठेवतोय.

महालातला

म्हणजे पावसात छत्री घेऊन संडासला. आमच्या आजोबांच्या वेळी होतं तसं.

एसीच_घ्या

😀 या सगळ्यापेक्षा एसी स्वस्त पडला असता.

नकाशावाली

संडास मागेच ठेवून पण तीन फूट रुंदीत बसवला, तर मागच्या भिंतीत आठ-साडेआठ फूट उरतात. पाच फुटी खिडकी त्यात बसते. बाथरूमचा झरोका वेगळा निघतो. जिन्याखाली पाण्याची टाकी-मोटर घ्या. तीन फूट अडचणीचं वाटतं, पण लांबी सहा-साडेसहा फूट दिली तर चालतं.

सेक्शनवाले_भाऊ

आणि चिक बांधायची असो की हिरवी जाळी, तिचे हूक छज्ज्याचं सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागलं की तेव्हाच सळईला बांधून खाली सोडून घ्या. मागून ड्रिल मारला तर पहिल्याच पावसात तिथून पाणी झिरपते, आणि मग शिव्या आम्हाला बसतात. खाली ग्रिललाही दोन कड्या वेल्ड करून मागा, नाहीतर वादळात चिक वर उडून ताराले जाऊन लटकते. मापं चौकट बसल्यावरच घ्यायला बोलवा, नकाशावरून मी पल्ला कापत नाही.