कीकॅडमधल्या बोर्डांचा बदल-इतिहास कसा ठेवावा? एक फसलेली खेप आणि काही प्रश्न

भोसरीकर:

नमस्कार. भोसरीत आमचे लहानसे युनिट आहे. विहिरीवरच्या आणि सोसायट्यांच्या टाक्यांवरच्या पंपांसाठी आम्ही कंट्रोलर बनवतो. पाणी संपले किंवा व्होल्टेज प्रमाणाबाहेर गेले की मोटर बंद करणे हे त्याचे काम. सर्किट आणि ले-आउट मी व माझा चुलतभाऊ पाहतो, जोडणी आणि तपासणी काकांकडे असते. बोर्ड (पीसीबी) कीकॅड ८ या सर्किट-बोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो.

गेल्या खेपेला आमच्याकडून मोठी चूक झाली. आठ पायांचा टर्मिनल ब्लॉक (तारा जोडायचा कनेक्टर) आम्ही ५.०८ मिमी पिचचा, म्हणजे लगतच्या दोन पायांत तेवढे अंतर असलेला, वापरत होतो. पुरवठादाराकडे ५.०० मिमीचाच माल येऊ लागला, म्हणून भावाने त्याच्या लॅपटॉपवर फूटप्रिंट (बोर्डावरचा त्या भागाच्या भोकांचा आराखडा) बदलला आणि पेनड्राइव्हवरून फोल्डर माझ्याकडे दिले. त्याच नावाचे आधीचे फोल्डर माझ्याकडे होतेच, आणि गर्बर (बोर्ड छापणाऱ्याला द्यायच्या फायली) मी नेमके त्यातून काढले. दोन पायांचा कनेक्टर असता तर खपून गेले असते. आठ पायांत मात्र हा फरक साठत जाऊन शेवटच्या पायापाशी ०.५६ मिमी होतो आणि पाय भोकात उतरत नाहीत. शंभर बोर्ड आले. काकांनी पहिल्या बोर्डावर कनेक्टर दाबून पाहिला आणि काही न बोलता तो बोर्ड माझ्या टेबलावर आणून ठेवला. पुढे दोन दिवस तापकीर गल्लीत फिरून जुन्या मापाचे कनेक्टर मिळवले, तेव्हा ती खेप निभावली.

फर्मवेअरसाठी मी गिट हे बदलांचा इतिहास ठेवणारे सॉफ्टवेअर वापरतो. बोर्डासाठीही वापरून पाहिले होते, परंतु एक रेझिस्टर जरा सरकवला तरी फरकात हजारो ओळी दिसतात, त्यामुळे सोडून दिले. अशा फायलींचा इतिहास वाचण्याजोगा ठेवता येतो का? गर्बर फायलीही त्यात ठेवाव्यात का? आणि बोर्डावर छापायच्या रिव्हिजनचा (आवृत्तीच्या अक्षराचा) या इतिहासाशी मेळ कसा घालावा?

तांबेपट्टी:

हजारो ओळींचे कोडे आधी सोडवू, कारण बहुतेक जण तेथेच कंटाळतात. कीकॅडची बोर्ड फाइल साध्या मजकुराची असते. कोणता फूटप्रिंट कोठे आहे, तो किती अंशांत फिरवला आहे, ट्रॅक कोठून कोठपर्यंत जातो, हे सारे कंसांच्या रचनेत मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. रेझिस्टर सरकवला तर खरे पाहता मोजक्याच ओळी बदलायला हव्यात. परंतु ग्राउंडचा झोन (तांब्याने भरायचे क्षेत्र) भरलेल्या अवस्थेत फाइल जतन केली, तर भरलेल्या तांब्याच्या कडेचा प्रत्येक बिंदू फाइलीत उतरतो, आणि जवळचा एखादा पॅड (पाय जोडायची तांब्याची जागा) किंवा व्हाया (थर जोडणारे भोक) हलली की कड नव्याने मोजली जाऊन त्या बिंदूंची अख्खी यादी बदलते. आपल्याला दिसलेल्या ओळी बहुधा याच असाव्यात.

कमिटपूर्वी, म्हणजे गिटमध्ये बदलाची नोंद करण्यापूर्वी, कंट्रोल आणि बी ही बटणे दाबून झोन रिकामे करावेत आणि मग फाइल जतन करावी, हा त्यावरचा एक उपाय. त्यात धोका असा की गर्बर काढण्यापूर्वी झोन पुन्हा भरण्याची जबाबदारी आपल्यावर येते. कीकॅड-सीएलआय या साधनाच्या टाइप केलेल्या कमांडने गर्बर काढत असाल तर विशेष जपावे. झोन आपोआप भरले जातील असे गृहीत धरले, तर ग्राउंडविना बोर्ड छापून येऊ शकतो. मला हा धोका नको वाटतो, म्हणून मी झोन भरून, डीआरसी (ले-आउटच्या नियमांची तपासणी) चालवून, मगच कमिट करतो आणि फरक पाहताना त्या ओळींकडे काणाडोळा करतो. आपण दोहोंपैकी कोणतीही रीत निवडा, पण दोघा भावांनी तीच पाळा. एकाने भरून आणि दुसऱ्याने रिकामे करून जतन केले, तर प्रत्येक कमिटमध्ये तोच धुरळा उडत राहील.

आता काय ठेवावे आणि काय वगळावे. स्कीमॅटिक (सर्किटची आकृती), बोर्ड आणि ‘.किकॅड_प्रो’ ही प्रोजेक्ट फाइल ठेवावीच; सिम्बॉल आणि फूटप्रिंटच्या लायब्ररींचे तक्ते असलेल्या दोन फायली आणि स्वतः बनवलेल्या लायब्ररी यादेखील ठेवाव्यात. ‘.किकॅड_पीआरएल’ मात्र वगळावी. त्या फाइलीत आपण कोणता थर दाखवला वा लपवला अशा वैयक्तिक गोष्टी असतात, आणि बोर्डाला हात न लावताही ती बदलते. बॅकअपचे झिप साठवणारे फोल्डर, ऑटोसेव्ह, लॉक फायली आणि फूटप्रिंटचा कॅशे हेही गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत, टाकावेत. वापरलेल्या सिम्बॉलची प्रत स्कीमॅटिकमध्ये आणि फूटप्रिंटची प्रत बोर्डात राहते, त्यामुळे पुढे लायब्ररी बदलली तरी जुने कमिट उघडल्यावर जुनेच सर्किट दिसते. थ्री-डी मॉडेलचे मात्र तसे नाही. कीकॅड ८ मध्ये फाइलीत त्याचा केवळ पत्ता असतो, म्हणून मॉडेल प्रोजेक्टच्या फोल्डरातच ठेवलेले बरे.

दोघांनी एकाच वेळी एका बोर्डाचे ले-आउट करू नये. गिट दोन बदल मजकूर म्हणून जोडून देईलही आणि फाइल निर्वेध उघडेलही, परंतु दोघांचे ट्रॅक एकमेकांवरून गेलेले असू शकतात, आणि गिटला त्यातले काही कळत नाही. आमच्याकडे ज्याच्या हाती ले-आउट असते तो ग्रुपवर तसे लिहितो. एवढ्यावर भागत नसेल तर सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल लॉक करण्याची सोय आहे, आणि गिटच्या एलएफएस या मोठ्या फायलींसाठीच्या जोडसाधनातही आहे.

आणखी एक गोष्ट. कीकॅडच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आठवरून नवावर जायचे तेव्हा दोन्ही लॅपटॉपवर एकाच दिवशी जावे, आणि कोणताही बदल न करता नुसते उघडून जतन केल्याचे एक वेगळे कमिट करावे.

चाचणीटेबल:

वरील सर्व मुद्दे मान्य आहेत, परंतु आपली खेप ज्या कारणाने फसली त्यावर नुसते गिट हा इलाज नाही, असे माझे मत आहे. उद्या भावाने बदल सर्व्हरवर चढवला आणि आपण पुल न करताच, म्हणजे तो बदल उतरवून न घेताच, गर्बर काढले, तर हाच प्रसंग पुन्हा घडेल. पेनड्राइव्हची जागा सर्व्हरने घेतली, एवढाच फरक. पीसीबीवाल्याकडे जाणारी फाइल स्वतःहून आपली ओळख सांगते का, हे पाहायला हवे.

कीकॅडने काढलेली कोणतीही गर्बर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. वरच्या काही ओळींत ‘प्रोजेक्टआयडी’ असा शब्द असलेली एक ओळ सापडेल. तिच्यात प्रोजेक्टचे नाव, एक लांबलचक ओळखक्रमांक आणि शेवटी रिव्हिजन असते. ही रिव्हिजन बोर्डाच्या पेज सेटिंगमधून येते. तो रकाना रिकामा असेल तर तेथे ‘रेव्ह’ आणि पुढे प्रश्नचिन्ह उमटते. स्कीमॅटिकचा रकाना आणि बोर्डाचा रकाना वेगवेगळे आहेत, याकडे अनेकांचे लक्ष जात नाही. एकात ‘सी’ आणि दुसऱ्यात ‘बी’ असलेले प्रोजेक्ट मी स्वतः तपासले आहेत. सिल्कस्क्रीनवरही (बोर्डावरच्या छापील अक्षरांच्या थरावर) रिव्हिजन हाताने टाइप करू नये. डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे महिरपी कंसांत इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘रिव्हिजन’ हा शब्द लिहिला, की बोर्डाच्या रकान्यातले अक्षर आपोआप छापले जाते.

आता कमिट आणि रिव्हिजन यांच्या मेळाविषयी. कमिट दिवसातून दहा होऊ शकतात. रिव्हिजनचे अक्षर मात्र फाइल कारखान्याबाहेर जाते तेव्हाच खर्ची पडते. ‘सी’ पीसीबीवाल्याकडे गेला, त्याच क्षणी त्या कमिटला ‘सी’ नावाचा टॅग (कायमची खूण) लावावा आणि लगेच पुढच्या कमिटमध्ये रकान्यात ‘डी’ लिहून टाकावे. यात कसूर झाली तर ‘सी’ छापलेले दोन निराळे बोर्ड बाजारात फिरतात आणि दुरुस्तीला आलेला नग कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. टॅग एकदा लावला की तो हलवू नये, टंकलेखनाची चूक राहिली असली तरीही. यंत्रांच्या ड्रॉइंगसाठीच्या एएसएमई वाय १४.३५ या मानकात रिव्हिजनसाठी आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरे वगळलेली आहेत, कारण ती अंकांशी किंवा इतर खुणांशी गल्लत करतात. सिल्कस्क्रीनच्या एक मिलिमीटर उंचीच्या अक्षरात ‘ओ’ आणि शून्य वेगळे ओळखून दाखवा, म्हणजे त्याचे कारण पटेल.

गर्बर फायली रोजच्या कमिटमध्ये ठेवू नयेत. त्यांच्यात निर्मितीची तारीख आणि वेळ असते, त्यामुळे काही न बदलताही प्रत्येक वेळी फरक दिसतो. टॅगबरोबर मात्र गर्बर, ड्रिल, बीओएम (भागांची यादी) आणि स्कीमॅटिकची पीडीएफ यांचे एकच झिप जपून ठेवावे, आणि पीसीबीवाल्याला जे पाठवले तेच झिप ठेवावे. नंतर पुन्हा काढलेले चालणार नाही.

शेवटचा मुद्दा बीओएमचा. कपॅसिटरचा मेक बदलला तर नुसता बोर्ड ‘सी’च राहतो, पण जोडणी झालेला बोर्ड बदलतो. त्यासाठी ‘सी-१’, ‘सी-२’ असे जोडणीचे क्रमांक ठेवावेत आणि ते स्टिकरवर लिहावेत. आमच्याकडे परत आलेल्या मालाच्या तपासात सिल्कस्क्रीनपेक्षा या स्टिकरचाच उपयोग अधिक होतो.

भोसरीकर:

दोघांचेही आभार. दोन शंका उरल्या आहेत. काकांना कमांड किंवा ओळींचा फरक दाखवून उपयोग नाही. त्यांना चित्र हवे, आणि खरे सांगायचे तर फूटप्रिंटची चूक सर्वांत आधी त्यांच्याच नजरेला पडली असती. दुसरे, एक जुना स्टार्टर-बोर्ड अजून ईगल या दुसऱ्या बोर्ड-सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचे काय करावे?

सोल्डरधूर:

काकांसाठी कीकॅडबरोबर येणारे, गर्बर पाहण्याचे ‘गर्बव्ह्यू’ पुरेसे आहे. मागच्या टॅगच्या झिपमधला वरच्या तांब्याचा थर आणि आजचा तोच थर एकाच वेळी उघडावेत, एकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवा रंग द्यावा. जे जुळते ते एकमेकांखाली झाकले जाते आणि बदललेल्या जागा कडेने डोकावतात. फरक दाखवण्याचा निराळा पर्यायही त्यात आहे. आपल्या टर्मिनल ब्लॉकच्या बाबतीत पहिला पॅड तंतोतंत जुळलेला आणि आठव्याकडे जाताना हळूहळू सरकत गेलेला असा दिसला असता. बदल केला आहे असे भाऊ सांगतो, आणि दोन्ही थर मात्र पूर्ण जुळतात, तर फोल्डर चुकीचे आहे हे काकांनी पाच मिनिटांत सांगितले असते. स्कीमॅटिकसाठी दोन्ही टॅगच्या पीडीएफ शेजारी ठेवल्या की काम भागते. कमांडची धास्ती असेल तर कीकॅड ८ च्या प्रोजेक्ट मॅनेजरमध्येच कमिट, पुश आणि पुल करण्याची सोय आलेली आहे.

ईगलबाबत विलंब करू नये. ऑटोडेस्कने ईगल ७ जून २०२६ रोजी बंद होणार असे २०२३ मध्येच जाहीर केले होते. ईगलची सहावी आवृत्ती आणि त्यापुढच्या फायली एक्सएमएल स्वरूपात असतात, आणि त्या कीकॅडमध्ये आयात करता येतात. पहिल्या कमिटमध्ये मूळ ईगल फायली आणि शेवटचे छापलेले गर्बर जसेच्या तसे ठेवा. दुसऱ्या कमिटमध्ये आयात केलेले प्रोजेक्ट येऊ द्या, आणि त्यातून काढलेले गर्बर जुन्या गर्बरवर ठेवून पाहिल्याशिवाय तो बोर्ड छपाईला पाठवू नका. आयातीत झोनच्या कडा आणि अक्षरांची मापे थोडी बदलतात. भोके आणि पॅड मात्र जुळलेच पाहिजेत.

भोसरीकर:

काल रात्री बसून गिटची रिपॉझिटरी (फायली आणि त्यांच्या इतिहासाचा साठा) मांडली. झोन भरूनच कमिट करायचे असे आम्ही ठरवले आहे. छपाईला जाण्यापूर्वी झिप काकांकडे जाईल, आणि त्यांनी दोन थर एकमेकांवर ठेवून पाहिल्यानंतरच टॅग लागेल; काकांना लाल-हिरव्याची युक्ती फारच पसंत पडली. त्यानंतर सहज म्हणून गेल्या तीन खेपांचे जुने गर्बर नोटपॅडमध्ये उघडून पाहिले. तिन्हींत रिव्हिजनच्या जागी प्रश्नचिन्हच आहे.