थर्टी-थर्टीची रिम: गुण की निव्वळ सवय?

बारशिंगा: विंचेस्टरच्या १८९४ मॉडेल रायफलीसाठी १८९५ साली आलेलं .३०-३० काडतूस अमेरिकेच्या दाट जंगलात हरणांसाठी अजून चालतं, ते रिममुळेच, म्हणजे बुडाशी बाहेर आलेल्या कडेमुळेच. साडेबारा मिमीपेक्षा रुंद रिम चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या) तोंडाशी अडते, म्हणजे काडतूस किती आत जायचं ते तीच ठरवते. शिवाय एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याला, पकड भक्कम. लिव्हर-अ‍ॅक्शनला, म्हणजे खालचा दांडा ओढून भरायच्या अशा रायफलीला, रिम हवीच.

टोपीवाला: ‘हवीच’ साफ नामंजूर. .३५ रेमिंग्टन बिनरिमचं, तरी मार्लिन ३३६ या लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. नळीच्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, त्यामुळे रिमवर रिम अडकत नाही. रिम तिथे नडत नाही, एवढंच! खरी अट गोळीच्या टोकाची: टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीला) टेकते आणि धक्क्याने मॅगझीनमध्येच बार उडू शकतो. म्हणून चपटं टोक, नाहीतर हॉर्नडी कंपनीचं मऊ पॉलिमर टोक. त्यांची १६० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २४०० फूट वेगाने निघते. १०० यार्डांवर ३ इंच वर लावली तर २०० वर जवळपास नेमावर, ३०० वर मात्र फूटभर खाली.

पितळखोर: रिमचा तोटा केस (काडतुसाचं पितळी कवच) पुन्हा भरणाऱ्यांना विचारा. रिम जागेवर बसते, पण खांद्यापुढे (केस मानेकडे निमुळती होते तिथे) चेंबरमध्ये मोकळी जागा उरते. बार होताना केसची पातळ भिंत चेंबरला चिकटते आणि बूड मागे सरकतं. त्यात चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टचं कुलूप मागच्या टोकाला, तेही थोडं दबतं. साइझिंग डाय (केस दाबून मापात आणणारा साचा) शेलहोल्डरला, म्हणजे केसचं बूड धरणाऱ्या पकडीला, टेकवून प्रत्येक वेळी खांदा मागे ढकलला, की रिमच्या थोडं वर चकाकणारं कडं दिसतं. टोक वाकवलेली तार आतून फिरवा; खाच लागली तर ती केस टाकून द्या, पुढे तिथूनच तुटते.
उपाय: डाय पाव फेरा वर घ्या. इंचाला १४ आटे, म्हणजे ०.४५ मिमी. मग खांद्यावरच जागा धरा, म्हणजे काडतूस रिमऐवजी खांद्यावर अडू द्या.

बारशिंगा: आणि लिव्हर अडली की? बोल्ट-रायफलीसारखा दाबून बसवायचा जोर तिच्यात नाही. नुसती मान (गोळी धरणारा भाग) साइझ केलेली केस दोन-तीन बारांनंतर नेमकी अडते. दुसऱ्या गोळीला अडण्यापेक्षा केस लवकर टाकणं परवडलं.

पितळखोर: मान-साइझिंग कोण सांगतंय? पूर्ण साइझ, फक्त खांदा अगदी किंचितच मागे. आणि अडण्याचं खापर खांद्यावर फोडण्याआधी लांबी मोजा. कमाल ५१.८ मिमी; ट्रिम ५१.५ ला. लांबी कमीजास्त असली तर क्रिम्प करताना (तोंड गोळीवर आवळताना) लांब केसचा खांदा फुगतो आणि चेंबरमध्ये बसत नाही. क्रिम्प टाळताही येत नाही, मॅगझीनची स्प्रिंग गोळी आत ढकलते.

टोपीवाला: म्हणजे एवढी उस्तवार करून जागा शेवटी खांद्यावरच धरायची. मग रिमचं काम उरलं काय, एक्स्ट्रॅक्टरपुरतं?

बारशिंगा: दुकानातून आणलेल्या कोऱ्या डब्याला ही उस्तवार लागत नाही. बहुतेक शिकारी तेवढंच वापरतात.