मदत हवी आहे: फोल्डरचे नाव बदलताना येणारे एरर (विंडोज ११, कुळवृत्तांताचे काम)

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहिते आहे.

आमच्या कुळवृत्तांताची नवी आवृत्ती करायचे काम माझ्याकडे आले आहे. एक पाती, म्हणजे घराण्याचा एक फाटा, सयाजीराव महाराजांच्या काळात कोकणातून नोकरीसाठी इथे आली, धाकटी पाती ग्वाल्हेर आणि इंदूरकडे गेली. पत्रे, जन्मटिपणे, लग्नपत्रिका, थोडे मोडी कागद असे सगळे स्कॅन करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवले आहे. पातीच्या आत शाखा, शाखेच्या आत पिढी, पिढीच्या आत घर, घराच्या आत माणूस अशी फोल्डरची उतरंड आहे. ज्याने स्कॅन केले त्याने सुचेल ते नाव दिले, त्यामुळे 'न्यू फोल्डर', 'काकूंची पेटी' अशी नावे झाली आहेत. ती नीट करायला घेतली आणि काम अडले.

काही फोल्डरवर 'फोल्डर इन यूज' येते. बाकी सगळे प्रोग्राम बंद असतात, तरीही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की तोच फोल्डर मुकाट्याने नाव बदलून घेतो, आणि थोड्या वेळाने दुसरा अडतो.

जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवरून आणलेल्या फोल्डरना हात लावला की परवानगी मागतात. मी ॲडमिनिस्ट्रेटर आहे, तरी.

इंदूरच्या चुलतभावाने पाठवलेल्या डिस्कवर काही फोल्डर डोळ्यांना दिसतात, पण नाव बदलायला गेले की 'कुड नॉट फाइंड धिस आयटम'. त्याच्याकडे विंडोज नाही, उबंटू (लिनक्स) आहे.

आणि नवी, पूर्ण नावे दिलेली शाखा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करताना 'डेस्टिनेशन पाथ टू लाँग' येऊन काम थांबते.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याने डिस्क फॉरमॅट करा म्हणून सांगितले. यातल्या कित्येक पत्रांचे मूळ कागद वाळवीने खाल्ले, आता स्कॅन तेवढे उरले आहेत. फॉरमॅटचा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

प्रतिसाद (नाशिक)

ताई, डिस्क बिघडलेली वाटत नाही. तुमची चारही दुखणी वेगवेगळी आहेत, एका औषधाने जाणार नाहीत. आधी एक सांगा: नाव बदलण्याआधी तुम्ही फोल्डर उघडून आतले पत्र बघता का? आणि एक्सप्लोररमध्ये उजवीकडे पानाचे चित्र दिसते का?

धागाकर्ती

हो, दोन्ही. पत्रावरची तारीख वाचल्याशिवाय नाव कसे देणार? उजवीकडच्या चौकटीतच पाहते.

प्रतिसाद (नाशिक)

मग पहिले दुखणे तिथेच आहे. ती चौकट म्हणजे प्रिव्ह्यू पेन. तिच्यात पीडीएफ दाखवायला विंडोज मागे एक वेगळा प्रोग्राम चालवते, आणि तुम्ही फोल्डरमधून बाहेर आलात तरी तो कधीकधी फाइल सोडत नाही. आतली एक फाइल जरी कोणी उघडी धरली, तरी वरच्या फोल्डरचे नाव बदलता येत नाही. ऑल्ट आणि पी एकत्र दाबा, चौकट बंद होईल. पत्रे वाचायला नेहमीचा पीडीएफ वाचक वापरा आणि वाचून झाले की बंद करा.

खात्री करायची तर विंडोजमधलेच रिसोर्स मॉनिटर हे साधन उघडा, सीपीयूच्या पानावर 'असोसिएटेड हँडल्स' मध्ये फोल्डरच्या नावाचा तुकडा टाका. कोण धरून बसले आहे ते नावानिशी दिसेल.

प्रतिसाद (पुणे)

परवानगीबद्दल: त्या फाइलींचा मालक म्हणून जुन्या विंडोजमधले खाते नोंदलेले असते. खात्याची खरी ओळख नाव नसून एक लांबलचक क्रमांक असतो, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर तुमचे नाव तेच असले तरी विंडोजच्या लेखी तुम्ही परक्या. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड, तिथे 'ओनर'समोर 'चेंज' करून आपले खाते द्या आणि आतल्या सगळ्या फोल्डरना लागू करायची खूण टाका. तरी अडले तर तिथेच स्वतःला 'फुल कंट्रोल' द्या. हे फक्त कागदपत्रांच्या फोल्डरवर करा, सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरवर चुकूनही नको.

इंदूरच्या डिस्कवर नावाच्या शेवटी टिंब आहे का बघा. कुळवृत्तांतात 'कै.', 'रा. रा.', 'चि.' असतातच. लिनक्सला शेवटचे टिंब किंवा मोकळी जागा चालते. विंडोज मात्र नाव वाचताना ते टिंब गाळून शोधते, आणि तसा फोल्डर नसतोच. विसर्गाच्या जागी कोलन टाइप केले असेल तरी हेच. कोलन, तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, तारा विंडोजला नावात चालत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे भावालाच उबंटूवर नावे बदलून पाठवायला सांगा. ते जमणार नसेल तर सेव्हन-झिप या झिप फाइलींच्या मोफत प्रोग्रामच्या फाइल मॅनेजरमधून बदलून पाहा, टिंबवाली नावे तो ओळखतो.

प्रतिसाद (नाशिक)

राहिला लांब पत्ता, म्हणजे तुमचे 'पाथ टू लाँग'. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंतच्या पूर्ण पत्त्याला विंडोजची जुनी मर्यादा २६० चिन्हांची आहे. देवनागरीत ती लवकर संपते, कारण प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळा मोजला जातो. 'ग्वाल्हेर' आपल्याला तीन अक्षरे वाटतात, कॉम्प्युटर नऊ मोजतो. त्यात पाच पायऱ्यांची उतरंड! मर्यादा उठवायची सोय २०१६ पासून विंडोज १० मध्ये आली, पण तिचा उपयोग त्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामनाच होतो. एक्सप्लोररच्या भरवशावर राहू नका.

माझे मत: उतरंड मोडा. वंशावळीत प्रत्येकाला क्रमांक असतोच, फोल्डरला तोच द्या आणि पूर्ण नावे एक्सेलच्या यादीत ठेवा.

धागाकर्ती

प्रिव्ह्यू पेन बंद केल्यावर 'इन यूज' पुन्हा आले नाही. मालकी बदलली, जुन्या डिस्कवरचे फोल्डरही मोकळे झाले. इंदूरच्या फोल्डरच्या शेवटी खरेच टिंब निघाले, सगळे 'कै.' आणि 'सौ.' वाले. सेव्हन-झिपने बदलले.

नुसते क्रमांक मात्र मला पटत नाहीत. आमच्याकडची वडीलधारी मंडळी माणूस नावाने शोधतात, क्रमांक त्यांच्या ध्यानात राहायचा नाही. म्हणून पाती, शाखा आणि पिढीला आखूड खुणा दिल्या ('धा-ग्वा-४'), घराची पायरी काढून टाकली आणि शेवटच्या फोल्डरवर तेवढे पूर्ण नाव ठेवले. ग्वाल्हेर शाखा आता न अडता कॉपी झाली.

एक विचारायचे राहिले: मालकी बदलल्यावर फाइलींच्या जुन्या तारखा बदलतात का? काही स्कॅन कधी केले ते फक्त त्यावरूनच कळते.

प्रतिसाद (पुणे)

नाही. मालकी किंवा फोल्डरचे नाव बदलल्याने आतल्या फाइलींची 'डेट मॉडिफाइड' बदलत नाही. कॉपी करताना 'डेट क्रिएटेड' मात्र नवी पडते. तेव्हा यादीत 'डेट मॉडिफाइड'च टिपा, आणि आधी दुसरी प्रत करून मगच पुढच्या शाखेला हात लावा.