सुपर वाइल्ड कार्डने काढलेली रॉम: आयपीएस पॅच लावला की गेम बिघडतो

प्रश्न: सुपर निन्टेंडोच्या गेमची सुपर वाइल्ड कार्ड या कॉपियरवर (कार्ट्रिजमधला गेम फाइलमध्ये उतरवणारं यंत्र) काढलेली प्रत, म्हणजे रॉम, एम्युलेटरवर (कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) नीट चालते, आयपीएस पॅच (गेममध्ये बदल करणारी छोटी फाइल) लावला की काळा स्क्रीन. फाइल १०४९०८८ बाइट.

उत्तर १: १ एमबीची रॉम १०४८५७६ बाइटची हवी. जादाचे ५१२ म्हणजे कॉपियरचा हेडर, कॉपियरने सुरुवातीला जोडलेली स्वतःची माहिती. एम्युलेटर तो ओळखून वगळतो. आयपीएसला मात्र फक्त ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचं बाइटचं अंतर) कळतात, म्हणून प्रत्येक बदल ५१२ बाइट चुकीच्या जागी बसतो. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट बदलू देणारा प्रोग्रॅम) सुरुवातीचे ५१२ बाइट काढा.

उत्तर २: थांबा, आधी पॅचची रीडमी (सोबतची सूचनांची फाइल) वाचा. काही जुने पॅच हेडरसकटच्या रॉमसाठीच असतात.

उत्तर १: बरोबर. आणि फ्लॉपीवर रॉमचे तुकडे असतील तर प्रत्येकाचा हेडर काढून मगच जोडा.

प्रश्नकर्ता: लोरॉम (सुपर निन्टेंडो रॉमच्या मांडणीचा एक प्रकार) आहे. ३२७०४ व्या ऑफसेटला गेमचं नाव दिसतंय, म्हणजे हेडर गेला ना?

उत्तर २: गेला. असता तर नाव ३३२१६ ला दिसलं असतं.