ठाणेवासना परिसरातील तांबे: खडक कोणता आणि शोध कसा घेतात?

मूलकाठ
नमस्कार मंडळी. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासन्याच्या बाजूला आहे. बोअर मारणाऱ्या यंत्रांच्या आणि पेट्यांत ओळीने मांडून ठेवलेल्या दगडी कांड्यांच्या गोष्टी वडीलधारी माणसे अजूनही सांगतात. यंदा विहीर खोल करताना मुरमाखालच्या खडकात हिरवट पापुद्रे दिसले आणि गावात चर्चेला ऊत आला. हे तांबेच आहे का? आणि तांबे आहे हे ठाऊक असताना पुन्हा पुन्हा छिद्रे पाडण्याचे कारण काय?

गोंडवन_भूशास्त्र
आपला भाग बस्तर क्रेटॉनच्या, म्हणजे भूकवचाच्या अतिप्राचीन, स्थिर तुकड्याच्या, पश्चिम कडेला येतो. येथील जुन्या ग्रॅनाइटी खडकांतून वायव्य-आग्नेय दिशेने एक कर्तन-पट्टा जातो, म्हणजे खडक दाबाखाली सरकून, चिरडून पत्र्यासारखा झालेला पट्टा. अशा कमकुवत वाटेने खोलवरचे उष्ण, खनिजयुक्त पाणी वर आले, त्याने मूळ खडकातील बायोटाइटचे (काळ्या अभ्रकाचे) हिरव्या क्लोराइट खनिजामध्ये रूपांतर केले आणि गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांबरोबर चाल्कोपायराइट मागे सोडले. हे पितळी पिवळे खनिज म्हणजे तांबे, लोह आणि गंधक यांचे संयुग असून शुद्ध स्वरूपात त्यात सुमारे 34.5 टक्के तांबे असते. मात्र ते खडकात विखुरलेले असल्याने एकूण दगडातील प्रमाण फारच कमी भरते. याच परिसरात, फुटाणा व देवाड्याकडे, बॅराइट हे बेरियमचे जड खनिजही सापडते. पांढरा दगड हातात घेतल्यावर गारेपेक्षा बराच जड लागला, तर तो बहुधा बॅराइट असतो.

आता आपल्या पापुद्र्यांविषयी. चाल्कोपायराइट हवापाण्याने कुजले की त्यातून मॅलाकाइट हे तांब्याचे हिरवे खनिज तयार होऊ शकते, हे खरे. पण वर म्हटलेले क्लोराइटही हिरवेच असते, आणि चिरडलेल्या ग्रॅनाइटमध्ये ते मुबलक असते. त्यामुळे रंगावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. यवतमाळ-वर्ध्याकडच्या बेसाल्टात तर सेलाडोनाइट नावाची हिरवी माती भेगाभेगांत भरलेली असते आणि तिच्यावरूनही दरवर्षी कुणीतरी तांब्याची वार्ता पसरवतो. रासायनिक नमुन्यांतही हीच गफलत होते: बेसाल्टात मुळातच दहा लाख भागांत शंभर-दोनशे भाग तांबे असते, म्हणून तिथल्या काळ्या मातीत दीडशे भाग सापडले तरी त्यात विशेष काही नाही, ग्रॅनाइटवरच्या मातीत तेवढेच सापडले तर मात्र भूवैज्ञानिक तिथे थांबतो.

कोअरपेटी
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मी छिद्रणाच्या कॅम्पवर काम केले आहे. एका छिद्रात तांबे लागले, याचा अर्थ त्या एका ठिकाणी लागले, इतकाच. पट्टा लांबीला किती जातो, खोलीला किती उतरतो, मध्ये कुठे तुटतो, हे ठरवण्यासाठी ठरावीक अंतरावर छिद्रे घ्यावीच लागतात आणि पुढच्या टप्प्यात ती अंतरे आणखी कमी करतात. शिरा उभ्या उतरणाऱ्या असल्याने छिद्र सरळ खाली न मारता तिरके मारतात. तरीही ते शिरेला 30 अंशांत छेदत असेल, तर कोअरमध्ये, म्हणजे छिद्रातून काढलेल्या दगडी कांडीत, दिसणारे दहा मीटर प्रत्यक्षात पाचच मीटर जाडीचे असतात. वर्तमानपत्रात छापून येतात ते बहुतेकदा दहा मीटर! त्या कांड्या उभ्या चिरून अर्धा भाग पृथक्करणासाठी पाठवतात आणि उरलेला अर्धा पेटीत जपतात, म्हणजे पुढे शंका आली तर पुन्हा तपासता येते.

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीशी तुलना नेहमी होते. तेथेही तांबे ग्रॅनाइटी खडकातील गारेतच आहे आणि हिंदुस्थान कॉपरने 1982 मध्ये तेथे खाण उभी केली; परंतु तेथील साठ्याचा आकारच वेगळा आहे. खडक सारखा म्हणून साठाही तसाच, असे गृहीत धरून चालत नाही.

सातबारा_वाचक
एक बाब स्पष्ट असावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार, वेगळी तरतूद नसेल तर जमिनीखालच्या खनिजांवर हक्क शासनाचा असतो. तांब्याचे खाणपट्टे केंद्राच्या 1957 च्या खाण कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीपासून लिलावाने दिले जातात. विहीर खोदताना तांबे निघाले म्हणून ते विकता येणार नाही. मात्र शोधकार्यात पिकाचे वा जमिनीचे नुकसान झाल्यास भरपाई मागण्याची तरतूद 1957 च्या खाण कायद्यात आहे.

मूलकाठ
सर्वांचे आभार. विकण्याचा विचार नाहीच. घरी काही परीक्षा करता येईल का?

गोंडवन_भूशास्त्र
जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर करावी. पापुद्र्याची पूड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यावर मॅलाकाइट असेल तर फसफसते. पण चुनखडही फसफसते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. त्या द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवावा. तांबे असेल तर खिळ्यावर लालसर थर चढतो, क्लोराइटने चढत नाही. थर चढलाच, तर विहिरीचा गट क्रमांक आणि दगड किती खोलीवरचा आहे हे चिठ्ठीवर लिहून, ती नमुन्यासोबत बांधून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयात द्यावा. खोली न लिहिलेल्या दगडाचा त्यांना फारसा उपयोग होत नाही.