सोलापूर, १९५७: मुलगी काँग्रेसवाल्याची, मुलगा समितीवाल्याचा. लग्न लावायचं कसं?

नवी_पेठ:
एकांकिकेचा मसुदा चाललाय. काळ १९५७च्या निवडणुकीचा. मुलीचे वडील काँग्रेसचे, मुलाचे संयुक्त महाराष्ट्र समितीचे. मुलगी १९ची, मुलगा २२चा. दोघं हिंदू, जाती वेगळ्या. पुण्याला पळून रजिस्टर लग्न करतात आणि तिसऱ्या दिवशी निकालाच्या मिरवणुकीत हजर. चालेल?

सात_रस्ता:
तिसऱ्या दिवशी? नाही चालणार. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस, तीही दोघांपैकी एकजण जिथे निदान ३० दिवस राहिलाय त्याच जिल्ह्यात. ती कचेरीत लागते, मग ३० दिवस हरकतींसाठी, मग ३ साक्षीदार. खरी मेख पुढे आहे: कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडेही लावली जाते. म्हणजे पुण्यात दिलेली नोटीस सोलापूरच्या कचेरीत झळकणार, आणि पुढाऱ्याचा एखादा माणूस कचेरीत रोज असतोच. नाटक तिथे आहे, पळण्यात नाही.

जुनी_गिरणी:
+१. शिवाय कलम १९. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याने लग्न केलं की तो कुटुंबातून विभक्त धरला जाई. सून कुणाची, यापेक्षा मुलाच्या बापाला हेच जास्त झोंबेल.
घाईच असेल तर १९५५चा हिंदू विवाह कायदा. तेव्हा मुलीला १५, मुलाला १८ पुरे. पालकांची संमती मुलगी १८च्या आत असेल तरच. जातीची आडकाठी नाही, नोटीस नाही. भटजी आणि सप्तपदी, सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं. पंढरपूरला न्या: मोठ्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. गाडी बदलताना फलाटावर कुणीतरी ओळखीचं भेटतंच.

नवी_पेठ:
पंढरपूर ठरलं. मुलगी बापाविरुद्ध शिक्का मारते, तो प्रसंग राहू दे ना?

सात_रस्ता:
दोन्ही बाद. मताचं वय २१ होतं. आणि १९५७ला शिक्का कुठला? प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी, मतपत्रिका आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. मुलगा २२चा, त्याला काँग्रेसच्या बैलजोडीच्या पेटीपुढे थबकू द्या. समितीचं एकच चिन्ह मात्र दाखवू नका, घटक पक्ष आपापल्या चिन्हांवर लढले.

जुनी_गिरणी:
प्रचारातले पैसे आण्यांत ठेवा. नये पैसे १ एप्रिलला आले, मतदान फेब्रुवारी-मार्चमधलं. पहिली भेट गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत घ्या. संमती कट्ट्यावर अक्षता चालू, बाराबंदी घातलेल्यांच्या गर्दीत दोन्ही बाप मानाने पुढे, पोरं मागे. सिद्धेश्वराच्या योगदंडाशी लग्न लागलेल्या कुंभारकन्येची गोष्ट कुणाच्या तोंडी घालू नका, सोलापूरच्या प्रेक्षकाला ती सांगावी लागत नाही.