दूध मोजणीच्या यंत्रात एसक्यूलाइट, की साधी फाइलच बरी?

उद्यमबागचा_सी
चिकोडी-खानापूर भागातल्या डेअऱ्यांसाठी बोर्ड करतोय. चिप एसटीएम32एफ407, नोंदी एसडी कार्डवर सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या ओळींत. ऐन संकलनात लाईट गेली की शेवटची ओळ अर्धवट, मग बिलाच्या दिवशी भांडण. माझं मत, एसक्यूलाइट (एका फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस) पोर्ट करावं, म्हणजे या बोर्डावर चालेल असं करून घ्यावं. कोड पब्लिक डोमेन, सगळा एका सी फाइलीत. थ्रेडसेफ=0 (एकावेळी एकच काम, म्हणून कुलपं नकोत), मेमरी मेमसिस5 ला (एसक्यूलाइटचाच मेमरी वाटणारा भाग) नेमून दिलेल्या तुकड्यातून. लिहायचा तो फक्त व्हीएफएस, म्हणजे एसक्यूलाइटला कार्डवरच्या फाइलींशी जोडणारा थर.

मच्छेकर_काका
लई सोपं सांगितलास की! "फक्त व्हीएफएस" म्हणजेच सगळं पोर्टिंग रे. 192 केबी रॅममधली 64 सीसीएम (फक्त प्रोसेसरला जोडलेली), तिथं डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा भाग, पोचत नाही. पेज कॅशे (डेटाबेसची रॅममध्ये धरलेली पानं) तिथं पडली आणि एसडीआयओनं (कार्डाच्या जोडणीनं) डीएमए लावून लिहायला गेलास की एरर. उरली 128. त्यात डिस्प्ले, प्रिंटर, जीएसएम. कशाला हवा हा खटाटोप? 32 बाइटची ठरलेली नोंद, शेवटी सीआरसी (नोंद शाबूत आहे का ते दाखवणारा तपासणीचा आकडा). जुळली नाही ती टाकायची. संपला विषय.

उद्यमबागचा_सी
काका, सीसीएमात स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) टाकतो, हीप (मागेल तशी वाटायची मेमरी) मुख्य रॅममध्ये. पान 1024 बाइटचं, कॅशे 16 पानांची. तुमची नोंद तुटणार नाही, मान्य. पण सचिवांनी मागची दुधाची फॅट दुरुस्त केली तर नोंद, सभासदाची बाकी आणि उचल, तिन्ही एकदम बदलायला हवं. ते हातानं लिहायला बसलात की रोलबॅक जर्नलच (बदलाआधीची पानं जपून ठेवणारी फाइल) लिहिताय, फक्त कमी तपासलेलं.

निपाणीची_फर्मवेअर
जर्नलचा भरवसा एक्ससिंकवर, म्हणजे 'आता खरंच कार्डवर लिही' असं सांगणाऱ्या व्हीएफएसमधल्या फंक्शनवर. त्यात काही न करता सरळ 'ओके' परत करणारे पोर्ट बघितलेत मी. टेबलावर झकास चालतात. मग एक दिवस जर्नल कार्डवर पोचायच्या आत मूळ फाइल बदलते, त्याच क्षणी वीज जाते, आणि परत फिरायला जुनी पानंच नसतात. तिथं फॅटएफएसचं (कार्डवरच्या फाइली सांभाळणारी लायब्ररी) एफ_सिंक हवंच. शिवाय कार्डवरचं फॅट टेबल (फाइलीचे तुकडे कुठं आहेत त्याची यादी) अर्धवट लिहिलं गेलं तर आख्खी फाइल हरवू शकते, मग ती एसक्यूलाइटची असो की काकांची. जागा आधीच राखून ठेवा, जर्नल मोड पर्सिस्ट करा, म्हणजे दर व्यवहाराला जर्नल फाइल पुसणं-बनवणं टळतं. आत बफर धरून "लिहिलं" म्हणणाऱ्या स्वस्त कार्डाला मात्र दोघांकडेही औषध नाही.

खानापूर_सचिव
तुमचं चालू दे, पण आमच्या यादीत निम्मी नावं कन्नडात, निम्मी मराठीत. क्रमानं नीट लागतील काय?

निपाणीची_फर्मवेअर
साहेब, एसक्यूलाइट मुळात बाइट बघून लावतं. आधी सगळी देवनागरी, मग सगळी कन्नड. भाषेप्रमाणे क्रम लावणारी आयसीयू लायब्ररी या चिपात मावत नाही. सभासद क्रमांकानं लावा.

मच्छेकर_काका
बघा, तिथंही उपयोग नाही! दुरुस्ती म्हणजे नवी नोंद, जुनी खोडायची नाही, खतावणीत असतं तसं. बाकी-उचल डेअरीच्या कॉम्प्युटरवर काढा.

उद्यमबागचा_सी
काका, कॉम्प्युटर असता तर त्यांनी हे यंत्र मागितलं असतं काय?